वाचकांचे प्रश्न : जुन्या स्टेशन वॅगनची पकड, ब्रेक आणि पिकअप

प्रश्न : पुढच्या चाकांना ताकद देणारी, वीस वर्षांची स्टेशन वॅगन आहे. वळणावर फार झुलते आणि मागून बसल्यासारखी दिसते. ३० मिलिमीटरने खाली आणणाऱ्या स्पोर्ट्स स्प्रिंगा बसवल्या तर पकड सुधारेल का?

उत्तर : गाडी दिसायला छान होईल, पकड मात्र बहुधा बिघडेल. आधी ती आत्ताच किती खाली आली आहे ते मोजा. सपाट जागी, गाडी रिकामी असताना, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही चाकांना घ्या. एकाच अ‍ॅक्सलच्या डाव्या-उजव्या बाजूत १० मिलिमीटरहून जास्त फरक निघाला तर एखादी स्प्रिंग थकली आहे किंवा तिचा तळाचा वेढा तुटला आहे, असं धरून चाला. गंजून तुटलेला वेढा खालच्या वाटीतच अडकून राहतो, त्यामुळे हाताने चाचपल्याशिवाय कळत नाही.

भरलेल्या वॅगनला बुटक्या स्प्रिंगा सोसत नाहीत. डिकीत सामान आणि मागे माणसं बसली की अ‍ॅक्सल रबरी बंपस्टॉपवर (सस्पेन्शनला आणखी दबू न देणाऱ्या ठोकळ्यावर) टेकतो. त्या क्षणी मागची बाजू एकदम कडक होते आणि वळणात खड्डा आला की मागची चाकं बाहेर सरकतात. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअब्झॉर्बर एकाच खांबात असलेलं सस्पेन्शन) असेल तर आणखी एक गुंता आहे. गाडी जास्त खाली आणली की खालच्या आर्मचं (चाक बॉडीला जोडणाऱ्या दांडीचं) चाकाकडचं टोक आतल्या टोकापेक्षा वर जातं, आणि रोल सेंटर (वळणात बॉडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) गुरुत्वमध्यापेक्षा कितीतरी जास्त खाली घसरतं. म्हणजे गाडी बुटकी होते, पण या दोन बिंदूंतलं अंतर वाढल्याने तिला झुकवणारा जोर वाढतो.

सगळ्यात धोक्याची बाब ब्रेकची. एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी ब्रेक यंत्रणा) नसलेल्या बऱ्याच जुन्या वॅगनना मागच्या अ‍ॅक्सलजवळ वजनानुसार दाब बदलणारा ब्रेक व्हॉल्व्ह असतो. एका दांडीने तो अ‍ॅक्सलला जोडलेला असतो. बॉडी खाली दबली की गाडीत ओझं आहे असं समजून तो मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. बुटक्या स्प्रिंगांमुळे रिकामी गाडीही त्याला भरलेली ‘वाटते’, आणि ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी जाम होऊन गाडी फिरते. उलट मागे जास्त कडक किंवा उंच स्प्रिंगा घातल्या तर भरलेल्या गाडीतही मागचे ब्रेक कमी काम करतात. म्हणून उंची किंवा कडकपणा बदलला की सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे या व्हॉल्व्हची दांडी पुन्हा सेट करायलाच हवी.

आमचा सल्ला : मूळ उंचीच्याच स्प्रिंगा घ्या, मागच्या हव्या तर दहा-पंधरा टक्के कडक. चारही शॉकअब्झॉर्बर एकाच वेळी, चांगल्या प्रतीचे गॅसचे बसवा. पुढचे टॉप माउंट (स्ट्रटचं वरचं टोक बॉडीला धरणारे) आणि चारही बंपस्टॉप सोबतच बदला. गाडी दाबून सोडली आणि एकदाच उसळली म्हणजे शॉक ठीक आहे, असं मानू नका. त्या चाचणीत फक्त पूर्ण मेलेला शॉक सापडतो.

प्रश्न : खालच्या आर्मचे नवे रबरी बुश (सांध्यातल्या रबरी नळ्या) सहा महिन्यांत फाटले. माल खराब असेल का?

उत्तर : माल खराब असू शकतो, पण नेहमीचं कारण वेगळं असतं. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असताना बुशचे बोल्ट पूर्ण आवळले जातात. बुशची आतली नळी त्याच स्थितीत पकडली जाते. गाडी खाली उतरली की रबर पिळलेलंच राहतं आणि प्रत्येक खड्ड्यात आणखी पिळतं. बोल्ट हाताने लावून घ्या, गाडी चाकांवर किंवा रॅम्पवर उतरवा, एक-दोनदा दाबून बसू द्या आणि मगच टॉर्क रेंचने शेवटचा ताण द्या. मागच्या ट्रेलिंग आर्मलाही (मागचं चाक पुढच्या बाजूने बॉडीला जोडणाऱ्या आर्मला) हाच नियम.

प्रश्न : बुश पॉलियुरेथेनचे (रबरापेक्षा कडक प्लास्टिकचे) घातले तर?

उत्तर : अँटी-रोल बारच्या (डावं-उजवं चाक जोडून झुकणं रोखणाऱ्या दांडीच्या) पकडपट्ट्यांना जरूर घाला. पण जो आर्म एकापेक्षा जास्त दिशांनी हलतो, विशेषतः एकसंध मागच्या अ‍ॅक्सलचे ट्रेलिंग आर्म, तिथे मूळचं रबरच ठेवा. कडक बुशमुळे सस्पेन्शन अडकतं आणि तो ताण बॉडीवरच्या माउंटिंगवर जातो. जुन्या गाडीत तिथे गंज असतोच.

प्रश्न : झुलणं कमी करायला मागे जाड अँटी-रोल बार कितपत उपयोगी?

उत्तर : पुढच्या चाकांवर चालणाऱ्या वॅगनला हा सगळ्यात मोबदला देणारा बदल आहे, पण माप सांभाळून. भरीव बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २० मिलिमीटरच्या जागी २२ मिलिमीटरचा बार घातला की कडकपणा सुमारे ४६ टक्के वाढतो. २४ चा घातला तर दुपटीहून जास्त. मागची बाजू कडक झाली की पुढची चाकं वळणाबाहेर जाण्याची खोड कमी होते. मात्र अति केलं तर पावसात, वळणातच अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर, मागचा भाग पुढे यायला बघतो. दोन मिलिमीटरची एक पायरी पुरे. बारच्या टोकाच्या लिंकमध्ये खेळ असेल तर जाड बारही सुरुवातीच्या झुकावात काहीच करत नाही, म्हणून लिंक आधी बघा.

प्रश्न : सध्या १८५/६५ आर १५ टायर आहेत. १६ इंची चाकं घ्यायची आहेत. २०५/५५ आर १६ चालतील?

उत्तर : त्यांचा व्यास सुमारे ६३२ मिलिमीटर, तुमच्या मूळ टायरचा ६२१.५. एवढ्या फरकाने गियर लांबल्यासारखे होतात, पिकअप मंदावतं आणि त्याच खऱ्या वेगाला स्पीडोमीटर पूर्वीहून कमी आकडा दाखवतो. १९५/५५ आर १६ चा व्यास ६२१ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ मूळचाच. पण इथे वॅगनवाले एक गोष्ट हमखास विसरतात : वजनाचा निर्देशांक. १८५/६५ आर १५ वर सहसा ८८ असतो, म्हणजे प्रत्येक टायर ५६० किलो पेलतो. १९५/५५ आर १६ चा साधा टायर ८७ चा, ५४५ किलोचा. त्याच मापात एक्स्ट्रा लोड प्रकारचा ९१ निर्देशांकाचा, ६१५ किलोचा टायर मिळतो. तोच घ्या आणि हवा त्याच्या तक्त्याप्रमाणे भरा. टायर कधी बनला ते सांगणारा, त्याच्या भिंतीवरचा चार अंकी आकडाही वाचा : पहिले दोन अंक आठवडा, पुढचे दोन वर्ष.

खरं तर १५ इंची चाकांवरच चांगल्या प्रतीचे टायर घालून अलाइनमेंट (चाकांच्या कोनांची जुळणी) नीट केलं तरी बहुतेकांचं समाधान होतं. अलाइनमेंट करताना गाडीत नेहमीचं ओझं ठेवा. टायरची आतली कड झिजत असेल तर कॅम्बरला (समोरून दिसणाऱ्या चाकाच्या कलाला) दोष देण्याआधी टो (वरून पाहता चाकं आत-बाहेर वळल्याचा कोन) तपासा.

प्रश्न : भरल्या गाडीने लांब उतार उतरलो की ब्रेक पेडल मऊ होतं, थोड्या वेळाने पुन्हा ठीक. मोठ्या डिस्क लावाव्यात का?

उत्तर : डिस्क नंतर, आधी ब्रेक ऑइल. पेडल मऊ होऊन खाली जातं म्हणजे ऑइल उकळून त्यात वाफ झाली. पेडल टणक राहूनही गाडी थांबेना तर तो पॅड तापल्याचा दोष. डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १५५ वर येते. दर दोन वर्षांनी ते पूर्ण बदला, साधारण एक लिटर हाताशी ठेवा. हवा काढताना जुन्या गाडीचं पेडल जमिनीपर्यंत दाबू नका, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा. मास्टर सिलिंडरच्या (पेडलने ऑइल दाबणाऱ्या नळकांड्याच्या) कधी न वापरलेल्या भागात गंज असतो आणि सील त्यावरून गेलं की फाटतं. कॅलिपरच्या सरकत्या पिना साफ करून सिलिकॉन ग्रीस लावा. साध्या ग्रीसने त्यांचं रबर फुगतं. मागे ड्रम असतील तर अ‍ॅडजस्टर फिरतात का ते पाहा. आणि उतारावर खालचा गियर वापरा, ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका.

प्रश्न : इंजिन १.८ लिटरचं, टर्बोविना. उघडा एअर फिल्टर आणि जाड सायलेन्सर पाइप लावून पिकअप वाढेल का?

उत्तर : बॉनेटखालची गरम, विरळ हवा ओढणारा उघडा फिल्टर आवाज वाढवतो, ताकद नाही. मूळचा डबाच ठेवा आणि समोरून थंड हवा आणणारी नळी शाबूत आहे का बघा. शंभर-एकशेवीस अश्वशक्तीपर्यंत ५० मिलिमीटरचा पाइप पुरतो.

हरवलेली ताकद आधी शोधा. इंजिन गरम करून, सगळे प्लग काढून, इग्निशन आणि इंधन बंद करून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन मोजा. सिलिंडरांमध्ये १५ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर कमी असलेल्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. मग कुणाला तरी अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगून थ्रॉटलची पाती खरोखर पूर्ण उघडते का ते डोळ्यांनी पाहा. ताणलेली केबल किंवा जाड पायपुसणं बराच जोर खाऊन टाकतं. व्हॅक्यूम गेज लावून इंजिन २,५०० फेऱ्यांवर धरा. काटा हळूहळू खाली सरकत राहिला तर एक्झॉस्ट तुंबलाय, बहुधा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल तर इंजिन थंडच राहतं आणि इंधन जास्त जातं. हे सगळं ठीक असूनही ताकद कमी वाटत असेल तरच कॅमशाफ्ट किंवा ईसीयूच्या रिमॅपचा (इंजिनच्या संगणकाचा प्रोग्राम बदलण्याचा) विचार करा. टर्बो नसलेल्या इंजिनात नुसत्या रिमॅपने वाढ मोजकीच मिळते.

प्रश्न : मागचे शॉक आपोआप उंची सांभाळणारे आहेत, गळू लागलेत. साधे बसवले तर?

उत्तर : व्होल्वोच्या काही वॅगनना असे निवोमॅट शॉक येतात. ते गाडी चालताना स्वतःच दाब निर्माण करतात आणि वजनाचा काही वाटा स्वतः उचलतात, म्हणून त्यांच्या सोबतच्या स्प्रिंगा मुद्दाम मऊ असतात. साधे शॉक लावायचे तर मागच्या स्प्रिंगाही साध्या मॉडेलच्या लावाव्या लागतील, नाहीतर थोड्याशा सामानानेही मागचा भाग बंपस्टॉपवर बसेल.