बल, गती, ऊर्जा, संवेग यांची सूत्रं पाठ आहेत, पण गणित समोर आलं की कुठलं लावायचं तेच कळत नाही. काय करू?

अकरावीत आहेस असं लिहिलंयस, म्हणून एकेरीत बोलतो, राग नसावा.

मी सोलापुरात संध्याकाळी शिकवणी घेतो. वडील यंत्रमागावर होते, त्यामुळे माझा पहिला प्रश्न धोट्याचा असतो, म्हणजे मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या तुकड्याचा. दांडक्याचा मार बसून धोटा पेटीतून सुटलाय, ताण्याच्या, म्हणजे उभ्या, धाग्यांमधून पलीकडे चाललाय. मध्यावर असताना त्याला पुढे ढकलणारं बल कोणतं? निम्मा वर्ग ओरडतो, 'दांडक्याचं!' अरे, दांडका तर केव्हाच मागे राहिला. पुढच्या दिशेनं बल काहीच नाही. आहे ते घर्षण आणि मागे उलगडत जाणाऱ्या आडव्या धाग्याचा (बाण्याचा) ताण, दोन्ही उलटे. धोटा जातो जडत्वानं.

गती दिसली की तिकडे बाण काढायचा, ही खोड आधी मोडायला हवी. वहीत ती एकच वस्तू काढ आणि प्रत्येक बाणाला विचार, 'तुला आत्ता कोण लावतंय?' उत्तर नसेल तर बाण खोड. नव्वद टक्के गणित इथेच सुटतं म्हणालो तर अतिशयोक्ती होईल, पण माझ्या वर्गातल्या बहुतेक चुका इथल्याच.

मग सूत्र. गणितात अंतर दिलंय की वेळ, तेवढं बघ. समज, इथल्या सात रस्ता चौकाकडे जाणारी रिक्षा प्रवाशांसकट ६०० किलो, वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर. ब्रेक लावल्यावर २० मीटरवर थांबली. अंतर दिलंय, तर ऊर्जा धर: अर्धा × ६०० × १०० = ३०,००० ज्यूल. भागिले २०, म्हणजे बल १,५०० न्यूटन. किती वेळात थांबली असं विचारलं, तर संवेग धर: ६०० × १० = ६,०००. भागिले १,५००, म्हणजे ४ सेकंद. पडताळा तोंडी होतो: सरासरी वेग ५, गुणिले ४, आले २० मीटर. आणि वेग दुप्पट केलास तर तेवढ्याच ब्रेकला ८० मीटर लागतात, ४० नाही.

एककांचं थोडक्यात: वाण्याचा किलो हे वस्तुमान. पृथ्वी त्याला खाली ओढते ते बल न्यूटनमध्ये हवं तर ९.८ नं गुण.

आता टक्कर किंवा दोन वस्तू एक होणं. इथे ऊर्जेला आधी हात लावू नकोस. १०० किलोचा हातगाडा सेकंदाला ३ मीटर वेगानं सपाट रस्त्यावर चाललाय, चाकांचं घर्षण सोडून दे. वरून सरळ खाली ५० किलोचा चादरींचा गठ्ठा त्यावर पडला. गाडा आणि गठ्ठा एकमेकांना ओढतात ती बलं सारखी आणि उलट, म्हणून आडव्या दिशेतला एकूण संवेग ३०० तसाच राहतो. वस्तुमान झालं १५०, तर वेग २. ऊर्जेनं सुरुवात करणाऱ्याला इथे अडीचच्या जवळपास उत्तर येतं आणि तो पुस्तकावर चिडतो.

गतिज ऊर्जा मोजून बघ: आधी ४५० होती, नंतर ३००. उरलेले १५० ज्यूल गठ्ठा फळीवर घसरत थांबला, त्या घासण्यात गेले. फळी आणि खालची चादर किंचित तापली, बस.