मोजल्याशिवाय लिहू नकोस

इंदूर

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

येत्या सोमवारपासून इथल्या एमवाय हॉस्पिटलच्या मेडिसिन वॉर्डात तुझं पोस्टिंग सुरू होतंय, असं तुझ्या आईकडून कळलं. पहिल्या आठवड्यात तुम्हा नर्सिंगच्या मुलींचा सगळा डोळा इंजेक्शन देण्यावर आणि आयव्ही, म्हणजे शिरेतलं सलाईन, लावण्यावर असतो. ते येईल, हात बसतो हळूहळू. पण एक सवय पहिल्याच दिवशी लावून घे, कारण नंतर ती लागत नाही. चार्टवर तुझ्या हातानं जो आकडा पडेल, तो तू स्वतः मोजलेला असला पाहिजे.

सगळ्यात जास्त थाप श्वासाच्या रकान्यात मारली जाते. एखाद्या गर्दीच्या वॉर्डातले चार्ट उघडून पाहा, ओळीनं २०, २०, २२, २०. इतकी माणसं एका तालात श्वास घेत नाहीत गं. आणि गंमत अशी की पेशंट बिघडायला लागला की बऱ्याचदा आधी श्वासच वाढतो, बीपी मागाहून पडतं. म्हणून नाडी मोजून झाली की बोटं मनगटावरून काढू नकोस. पेशंटला वाटू दे की नाडीच चालू आहे. तू छातीकडे किंवा पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोज. ‘श्वास मोजते’ असं सांगितलंस की माणूस तो बदलतोच. मोठ्या माणसाचा १२ ते २० ठीक. २५ किंवा त्याहून जास्त आला तर नुसता लिहून पुढच्या खाटेकडे जाऊ नकोस, ड्यूटीवरच्या सिस्टरना तिथल्या तिथे सांग. यासाठी सेकंदकाट्याचं घड्याळ लागतं. मनगटावर नको, एप्रनला टाचायचं घे. मनगटावर काही असलं की हात धड धुतले जात नाहीत.

बीपीचं यंत्र खोटं बोलतं ते बहुतेक वेळा आपल्यामुळेच. जाड दंडाला लहान कफ बांधला की आकडा जास्त येतो. हात खाटेखाली लोंबत असला तरी जास्त येतो. पेशंट बोलत असला, जिना चढून आला असला, आत्ताच चहा प्यायला असला, तरी तेच. पाच मिनिटं बसू दे, दंड हृदयाच्या पातळीवर टेकव, कफची खालची कड कोपराच्या घडीच्या दोन-तीन सेंटिमीटर वर ठेव. आधी मनगटाची नाडी धरून हवा भर, नाडी जिथे नाहीशी होईल त्याच्या ३० वर ने, मग सेकंदाला २-३ मिलिमीटर या गतीनं सोड. डायलिसिसच्या पेशंटचा फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी जोडलेली रक्तवाहिनी, ज्या हातात आहे, त्या हाताला कफ लावायचाच नाही. ऑक्सिमीटर लावताना नखावरचं गडद नेलपॉलिश आणि काळी मेंदी बघ, बोट गार आहे का बघ. त्याच्यावरची नाडी आणि तू मोजलेली नाडी जुळत नसेल तर तो ऑक्सिजनचा आकडाही धरू नकोस.

सलाईनचं गणित तुला पाठ असेल, पण सेटचं, म्हणजे सलाईनच्या नळीचं, पाकीट वाचायची सवय नसेल. साध्या सेटवर बहुधा मिलीलीटरला २० थेंब असतात, बारीक थेंबांच्या मायक्रो सेटला ६०. ५०० मिली ८ तासांत द्यायचं तर २० च्या सेटवर मिनिटाला साधारण २१ थेंब, म्हणजे १५ सेकंदांत पाच. लावून गेलीस आणि विसरलीस असं चालत नाही. पेशंटनं हात दुमडला की गती बदलते, आणि ‘जल्दी खतम हो जाए’ म्हणून नातेवाईक नळीवरचा गतीचा रोलर फिरवतात ते वेगळंच. म्हणून अर्ध्या तासानं परत बघ, तेव्हा सुईची जागाही बघ. सुजलेली आणि गार लागली तर पाणी शिरेबाहेर जातंय. सलाईन बंद कर आणि सिस्टरना बोलव.

लघवीच्या मापाचंही असंच. नातेवाईक भांडं रिकामं करून मोकळे होतात आणि संध्याकाळी आपण अंदाजे ‘१२००’ लिहितो. सकाळीच खुणा असलेला जग त्यांच्या हातात दे, फेकायच्या आधी मला दाखवा म्हणून सांग. झाबुआ-अलिराजपूर-बडवानीकडून आलेल्या म्हाताऱ्या माणसांना आपली हिंदी अर्धीच कळते, तेव्हा जग धरून, बोट ठेवून दाखवावं. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, असेल आणि तासाला ३० मिलीपेक्षा कमी येत असेल तर सांगायला उशीर नको, पण त्याआधी नळी कुठे मुडपली नाही ना, पेशंट तिच्यावर झोपला नाही ना, एवढं बघून घे. पिशवी मूत्राशयाच्या खाली हवी, जमिनीला टेकलेली नको. स्ट्रेचरवर घेताना ती पेशंटच्या पोटावर ठेवण्याची वॉर्डातली जुनी खोड आहे. तू ठेवू नकोस, लघवी उलटी आत जाते.

आता इन्सुलिन. इथे चूक झाली तर नंतर सावरता येत नाही. बाटली बहुधा ४० युनिटची असते, म्हणजे मिलीलीटरला ४० युनिट, तिला लाल टोपणाची सिरिंज. १०० युनिटच्या इन्सुलिनला केशरी टोपणाची. १०० चं इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत ओढलंस तर पेशंटला २५ युनिट जातील, अडीच पट. उलट केलंस तर १० ऐवजी ४. पेनाच्या कार्ट्रिजमधून सिरिंजनं इन्सुलिन काढायच्या भानगडीत पडू नकोस, ते १०० चं असतं. ओढल्यावर टोचायच्या आधी दुसऱ्या कुणाला तरी बाटली आणि सिरिंज दोन्ही दाखव. आणि पेशंटचं जेवण आलंय का, हे विचार.

वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही. सुई पांढऱ्या डब्यात, सिरिंज-आयव्ही सेट-हातमोजे लाल पिशवीत, रक्ताचे बोळे पिवळ्यात, काचेच्या बाटल्या आणि अँप्युल निळ्यात. एवढं करूनही सुई लागलीच तर बोट पिळू नकोस, तोंडात घालू नकोस. साबण आणि वाहत्या पाण्यानं धू, लगेच इन्चार्ज सिस्टरना सांग आणि लेखी नोंद करायला लाव. एचआयव्हीचं औषध लागणार असेल तर दोन तासांच्या आत सुरू झालेलं उत्तम, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग धरत नाहीत. मुली ओरडा बसेल म्हणून दोन दिवस गप्प बसतात. ओरडा बसेलही, खा.

विचारायची वेळ बघत जा. हँडओव्हर, म्हणजे पाळी बदलताना पेशंट सोपवणं, चालू असताना आणि डॉक्टरांच्या राउंडच्या वेळी कुणी उत्तर देणार नाही, राउंड संपला की तीच सिस्टर नीट समजावून सांगते. सकाळची ड्यूटी असेल तर पंधरा मिनिटं आधी पोहोच, म्हणजे रात्रपाळीचा हँडओव्हर खाटेजवळ उभं राहून ऐकता येतो. वर्गातल्या आठ तासांपेक्षा ती दहा मिनिटं उजवी. पोहे का होईना, पोटात घालून नीघ. उपाशी पोटी मोठं ड्रेसिंग बघताना डोळ्यांपुढे अंधारी येते. आलीच तर ट्रॉली धरू नकोस, मागे सरक आणि सरळ जमिनीवर बस.

प्रोसीजर बुकवर, म्हणजे तू केलेल्या कामांच्या नोंदवहीवर, सिस्टरची सही त्याच दिवशी घ्यायची. वर्षअखेरीला सगळ्या मुली एकाच सिस्टरच्या मागे पळतात, तोवर तिची बदली झालेली असते. जे नुसतं पाहिलंस तिथे ‘पाहिलं’ असंच लिही. आणि सुट्टीत एखाद्या नर्सिंग होममध्ये रात्रपाळी करशील का, असं कुणी विचारलं तर नाही म्हण. नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन होईपर्यंत तू विद्यार्थिनी आहेस. जास्तीचा अनुभव हवा असेल तर प्रिन्सिपलांचं पत्र घेऊन, शिकवणाऱ्या सिस्टरच्या हाताखाली.

हेपॅटायटिस बीची लस घेतलीस का, ते कुणी सांगितलं नाही मला. तीन डोस असतात: आज, एक महिन्यानं, सहा महिन्यांनी. शेवटच्या डोसानंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासायचं, टायटर, म्हणजे लसीनं तयार झालेल्या प्रतिपिंडांचा आकडा, १० किंवा वर हवा. पहिला राहिला असेल तर सोमवारच्या आधी घे आणि तारीख मला फोनवर कळव.

तुझी,
मावशी