गच्चीतली स्ट्रॉबेरी कधी तोडायची आणि कशी ठेवायची

ताई, तुम्ही लिहिलंय की कुंडीतली स्ट्रॉबेरी अर्धी लाल झाली की तोडून ठेवता तरी आंबटच राहते, आणि धुवून डब्यात ठेवली की दोन दिवसांत बुरशी धरते.

तर पहिलं म्हणजे स्ट्रॉबेरी आंब्यासारखी आढीत पिकत नाही. तोडल्यावर रंग गडद होतो, फळ मऊ पडतं, पण गोडी जी काय भरायची ती झाडावरच भरते. महाबळेश्वर-पाचगणीकडे लांबच्या मार्केटचा माल थोडा आधी तोडतात कारण तो प्रवासात टिकायला हवा, आपल्याला घरी ती गरजच नाही. फळाच्या डोक्यावरची हिरवी पानं जरा वर उचलून बघा, खाली पांढरट कडा दिसली तर अजून एक-दोन दिवस थांबा. बुलबुल टोचतात म्हणून घाई करत असाल तर जाळी टाका, पण कच्ची तोडू नका प्लीज.

सकाळी दव सुकल्यावर, ऊन तापायच्या आत तोडायची. फळाला धरून ओढायचं नाही, थोडा देठ ठेवून कात्रीने कापायचं. ती हिरवी टोपी निघाली ना की तिथून रस सुटतो आणि खराब व्हायला तिथूनच सुरुवात होते.

आणि ठेवताना अजिबात धुवायची नाही! ती राखाडी बुरशी बोट्रायटिसची, ती बऱ्याचदा फुलापासूनच फळावर असते, ओल मिळाली की फोफावते आणि फ्रीजच्या थंडीतही मरत नाही, फक्त हळू वाढते. पसरट डब्यात टिश्यू पेपर घालून एकच थर लावा, झाकण घट्ट नको. रोज एकदा बघायचं, एखादं फळ बिघडलेलं दिसलं की लगेच बाहेर, नाहीतर शेजारचीही जातात. अशी फ्रीजमध्ये तीन-चार दिवस आरामात राहतात. धुवायची ती खायच्या वेळी, टोपी त्यानंतर काढायची, आधी काढली तर पाणी आत शिरतं.

कुंड्यांमधून एका वेळी मूठभरच निघतात, म्हणून मी तर फ्रीजरमध्येच साठवते. धुवून, पूर्ण कोरड्या करून, टोप्या काढून ताटात सुट्या सुट्या ठेवायच्या, कडक झाल्या की झिप बॅगेत. बाहेर काढल्यावर मऊ पडतात त्यामुळे नुसत्या खायला नाही, पण मिल्कशेक आणि जॅमला मस्त. जॅम करताना लिंबू पिळाच, स्ट्रॉबेरीत पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारा फळातला घटक, कमी असतं, लिंबाशिवाय तो नीट धरत नाही.