ऑटिस्टिक मुलांसाठी वसाहत : जमीन कुणाच्या नावावर, मुलगा कुणाच्या हवाली?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र मिळालं. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. ताईंचा मुलगा 24 वर्षांचा, ऑटिस्टिक म्हणजे स्वमग्न. त्यांनी आणि अशाच आणखी सहा घरांनी मिळून कोल्हापूरजवळ पन्हाळा रोडला दीड एकर रान बघितलंय, तिथं मुलांसाठी लहान लहान घरं, मधे एक सामायिक स्वयंपाकघर, थोडी बाग असं करायचं मनात आहे. आता दीर म्हणतात सगळं माझ्या नावावर करा, मी बघतो त्याला, आणि ग्रुपमधले एक जण म्हणतात एकच ट्रस्ट काढू आणि जमीन, पैसा, मुलं सगळं त्यातच घालू.

ताई, दोन्ही नको. दिरांच्या मनात खोट आहे असं मी अजिबात म्हणत नाही, पण उद्या ते नसतील, त्यांच्या वारसांची नावं लागतील आणि तुमच्या पोराचं नाव कुठल्याच कागदावर नसेल, मग तो कुणाच्या दारात जाणार? आणि त्याला स्वतःचा हक्क आहे की. हिंदू वारसा कायद्याचं कलम 28 सरळ सांगतं की आजार किंवा व्यंग आहे म्हणून वारसा जात नाही, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम 13 ला मालमत्ता बाळगायचा हक्क इतरांसारखाच दिलाय.

एकाच ट्रस्टचं म्हणाल तर घर सार्वजनिक ट्रस्टमध्ये गेलं की ते मुलाचं राहत नाही, ट्रस्टचं होतं. विकायचं झालं तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, आणि विश्वस्तांचं आणि मुलाचं पटलं नाही तर त्याला बाहेर काढणारे आणि त्याच्या वतीने बोलणारे तेच लोक! माझं सगळं म्हणणं एवढ्यावरच आहे : घर एकाच्या हातात, रोजची काळजी दुसऱ्याच्या आणि मुलाच्या वतीने सही तिसऱ्याच्या, हे तीन हात एक होऊ देऊ नका.

घरासाठी प्रत्येक कुटुंबानं आपापल्या मुलाच्या नावे 1882 च्या भारतीय न्यास (ट्रस्ट) कायद्याखाली खाजगी ट्रस्ट करावा, स्थावर मालमत्ता आहे म्हणजे दस्त नोंदणीकृत पाहिजे, नाहीतर मृत्युपत्रातून करा. विश्वस्तांत दीर असू देत, पण एकटे नकोत, सोबत एक तरी नात्याबाहेरचं माणूस घ्या. मुखत्यारपत्रावर विसंबू नका. तुम्ही कुणाला दिलेलं असेल तर ते तुमच्याबरोबरच संपतं, म्हणजे नेमकी गरज पडेल तेव्हाच ते कामाचं नसतं.

पालकत्वाचं बऱ्याच आईबापांना माहीतच नसतं. मुलगा 18 चा झाला की आपण कायद्याने आपोआप पालक राहत नाही. ऑटिझम वगैरे असलेल्यांसाठीच्या 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते, कलेक्टर तिच्यावर असतात, तिच्याकडे अर्ज करायचा. समिती आधी हेच बघते की पालक लागतोय का आणि कशासाठी. तुम्ही लिहिलंय की मुलगा भाजी आणतो, मोबाईलवर पैसे पाठवतो, मग सगळ्या गोष्टींसाठी पालक मागूच नका, जेवढ्यात मदत लागते तेवढंच मागा. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशोब द्यावा लागतो, आणि नीट वागला नाही तर काढताही येतं. दिरांना इथं नेमा हवं तर, हिशोब लागला की त्यांनाही बरं. वसाहत चालवणाऱ्या संस्थेला मात्र पालक करू नका.

काळजीवाहक ठेवून, फी घेऊन मुलांना सांभाळायला लागलात की ती संस्था झाली, 2016 च्या कायद्याखाली नोंदणी प्रमाणपत्राशिवाय ती चालवता येत नाही. पण कलम 5 पण वाचा, दिव्यांग माणसाला अमुकच ठिकाणी राहा असं बांधता येत नाही. आपलं कोल्हापूर बोर्डिंगांचं गाव, शाहू महाराजांनी 1901 पासून बोर्डिंगं उभी केली, पण तिथलं पोर शिकून बाहेर पडायचं आणि तुमच्या पोरांना तिथंच आयुष्य काढायचंय, म्हणून नियम बोर्डिंगचे नकोत. घराची किल्ली त्याच्याकडे, पाहुणा कधी बोलवायचा ते तो ठरवणार, आणि नाही जमलं तर परत यायची वाट मोकळी, हे दस्तातच लिहून घ्या.

'फक्त ऑटिस्टिक लोकांनाच घर' असा सोसायटीचा नियम चालेल का, असं विचारलंय. 2005 ला पारशी सोसायटीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सभासद फक्त पारशीच असतील ही मर्यादा मान्य केलीय, त्यामुळं वाद घालता येईल, पण मी तसं करू नका म्हणेन. दोन-तीन घरं इतरांना राहू देत, एखादी शिक्षिका, एखादं तरुण जोडपं. नुसतं कुंपण घातलेलं वेगळं गाव झालं की बाहेरचं कुणी बघायला येत नाही, आणि आत काय चाललंय ते कळायला वर्षं जातात.

आता रान. सातबारा शेतीचा आहे आणि तुमच्यातले चार जण शेतकरी नाहीत, कूळ कायद्याचं कलम 63 आडवं येतंय. झोन दाखला काढा, रहिवासी पट्टा असला तर मार्ग सोपा, हरित असला तर अवघड. गुंठ्यागुंठ्यांनी नोटरीवर वाटून घ्यायचं डोक्यातनं काढून टाका. 2019 आणि 2021 ला पन्हाळा रोडवरच्या केर्लीजवळ पाणी होतं ते तुम्हाला आठवत असेलच, तेव्हा पूररेषेचा नकाशा बघितल्याशिवाय पुढं जाऊ नका, रोजचा क्रम मोडला की हैराण होणाऱ्या मुलाला रात्रीत शाळेच्या वर्गात हलवणं म्हणजे काय ते तुम्हीच जाणता. शेजारी मंगल कार्यालय आहे का तेही बघा. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत दवाखाना, शाळा, कोर्टाभोवती किमान 100 मीटर शांतता क्षेत्र सरकारला जाहीर करता येतं, घरांना ते आपोआप मिळत नाही, पण इतर भागही तसा जाहीर करता येतो, त्यासाठी अर्ज करायला मी मदत करीन.

तोवर मालकाला इसार देऊ नका. सातबारा, फेरफार, झोन दाखला, मुलाचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) घेऊन या, आणि जमलं तर मुलालाही आणा, दुपारी तीननंतर ऑफिसात गर्दी नसते. त्याला कुणाशेजारी राहायला आवडेल हे मला त्याच्याकडूनच ऐकायचंय, दस्त त्यानंतर लिहायला घेऊ.