प्रश्न तुमचे: परीक्षेचा फॉर्म, मुक्कामी गाडी आणि वेचणीचे दिवस

दिवाळीच्या आगेमागे कॉलेजातल्या वाचकांची पत्रं वाढतात. शिष्यवृत्ती, हिवाळी परीक्षा आणि कापसाची वेचणी हे सगळं याच दिवसांत एकमेकांवर येऊन पडतं. बहुतेक पत्रांत शेवटी ‘टेन्शन आलं’ एवढंच लिहिलेलं असतं, पण पत्र नीट वाचलं की ते टेन्शन कोणत्या टेबलावर किंवा कोणत्या गाडीत अडकलंय ते दिसतं. म्हणून उत्तरं तिथूनच सुरू केली आहेत.

महाडीबीटीवर माझा शिष्यवृत्तीचा अर्ज मंजूर दिसून राहिला, पण चार महिने झाले, पैसे नाही आले. कॉलेजातले बाबू म्हणतात, फी भर, तरच परीक्षेचा फॉर्म घेतो. बाबा म्हणतात, कापूस विकल्याशिवाय पैसा नाही. मी रोज कॅफेत जाऊन वेबसाइट पाहतो. रात्री झोप लागत नाही.
*– बी.कॉम. प्रथम वर्ष, ता. दारव्हा, जि. यवतमाळ*

रोज वेबसाइट पाहणं आधी थांबव. अर्ज तुझ्याकडून कॉलेजच्या लिपिकाकडे जातो, तिथून प्राचार्यांच्या लॉगिनला आणि मग संबंधित विभागाच्या कार्यालयात. तुझा अर्ज हे टप्पे पार करून आलाय. यापुढे गाडी अडते ती बहुतेक वेळा बँकेत, आणि ते वेबसाइटवर कळत नाही.

शिष्यवृत्तीची रक्कम आधार क्रमांकावरून पाठवली जाते. त्या आधारला शेवटचं जे खातं डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी, जोडलेलं असेल, त्यातच ती जाते. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे काम झालं असं घरोघरी समजतात. झेरॉक्स दिल्यानं केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, होते. डीबीटीसाठी ‘आधार सीडिंग’चा, म्हणजे खातं आधारला जोडण्याचा, वेगळा संमती अर्ज भरावा लागतो. तुझं सीडिंग कुठल्या बँकेत आहे ते आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर, ओटीपीनं लॉगिन करून ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्ये दिसतं. तिथे बँकेचं नाव आणि ‘सक्रिय’ अशी नोंद हवी. भलत्याच बँकेचं नाव आलं तर घाबरू नको, आधी त्या बँकेचं पासबुक भरून आण. पुष्कळदा पैसे तिथेच येऊन पडलेले असतात.

शाळेत असताना मुख्याध्यापकांनी उघडून दिलेलं खातं असेल तर आणखी एक गोष्ट तपास. ते अज्ञान पाल्याचं खातं असतं. अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर नव्यानं केवायसी आणि सही दिली नाही, तर बँक व्यवहार रोखते. शिवाय २ वर्षं काहीच देवघेव नसलेलं खातं निष्क्रिय होतं. आधार, पॅन असेल तर पॅन, आणि दोन फोटो घेऊन शाखेत जा, केवायसी आणि सीडिंग दोन्ही अर्ज एकाच दिवशी दे, आणि पोच घे. गावच्या पोस्टात इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं उघडून तेच सीड करता येतं. आधारला मोबाइल नंबर जोडलेला नसेल तर तेही पोस्टमनकडून होतं. तालुक्याच्या खेपा वाचतात.

आता कॉलेजचं. शिष्यवृत्तीस पात्र विद्यार्थ्याची जी फी शासन भरणार आहे ती त्याच्याकडून आगाऊ घेऊ नये, अशा शासनाच्या सूचना आहेत. पण खिडकीवर तोंडी वाद घालून काही मिळत नाही. प्राचार्यांच्या नावे एक पानी अर्ज लिही: योजनेचं नाव, अर्ज क्रमांक, मंजुरीची तारीख, आणि विनंती एवढीच की ‘रक्कम जमा होईपर्यंत फी बाकी ठेवून परीक्षा अर्ज स्वीकारावा’. सोबत मंजुरीच्या पानाची प्रिंट आणि रक्कम येताच भरण्याचं हमीपत्र जोड. दोन प्रती कर, आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घे. शिक्का असलेल्या अर्जाला उत्तर द्यावं लागतं. योजनेत न बसणारं किरकोळ शुल्क मागितलं तर ते कशाचं, हे पावतीवर वेगळं लिहून माग. दोन दिवसांत काही झालं नाही, तर तीच प्रत घेऊन योजना ज्या विभागाची आहे त्याच्या जिल्हा कार्यालयात जा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी ते समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांचं कार्यालय.

अनुसूचित जाती प्रवर्गातल्या मुलांनी आणखी एक लक्षात ठेवावं. या शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातली फीची रक्कम पुढे कॉलेजला भरायची असते. घरी बियाण्याची किंवा औषधाची उधारी असते, पैसे त्यात जातात, आणि वर्षअखेरीस कॉलेज बाकी दाखवतं. रक्कम आली त्याच आठवड्यात फी भरा.

पुढच्या वर्षाचं उत्पन्नाचं प्रमाणपत्र आधीच काढून ठेव. त्याला आधी पटवाऱ्याचा अहवाल लागतो आणि निकालानंतर सेतूवर रांग लागते. सेवा हक्क कायदा २०१५ खाली हे प्रमाणपत्र १५ दिवसांत मिळायला हवं, नॉन-क्रिमिलेअर २१ दिवसांत. पावतीवरचा क्रमांक जपून ठेव. मुदत टळली तर त्याच क्रमांकावर अपील करता येतं.

सकाळी आमच्या गावात एकच एसटी, ती कॉलेजात पोचवते ९ ला. पहिला तास ८.१५ चा. एका विषयात हजेरी ६० टक्के झाली. सर म्हणतात, परीक्षेला बसू देणार नाही. ताई, मी काय मुद्दाम उशिरा येते का?
*– बी.ए. द्वितीय वर्ष, ता. साकोली, जि. भंडारा*

मुद्दाम येत नाहीस, आणि हेच सरांना कागदावर दिसलं पाहिजे. पण आधी आकडेमोड कर. समज, विषयाचे सत्रात ६० तास आहेत. परीक्षेला बसायला लागणारी ७५ टक्के हजेरी म्हणजे ४५. आतापर्यंत ४० झाले आणि तू २४ ला हजर, म्हणजे ६० टक्के. उरलेल्या वीसच्या वीस तासांना बसलीस तरी ४४ होतात, एकानं हुकतं. म्हणून हे प्रकरण सत्राच्या अर्ध्यातच उचलायचं असतं. शेवटच्या आठवड्यात प्राचार्यांच्याही हातात फारसं उरत नाही.

त्या रस्त्यावरच्या तुम्ही जितक्या जणी असाल तितक्यांनी मिळून अर्ज द्या. नावासमोर गाव, पास क्रमांक आणि गाडीची वेळ लिहा. मागणी सोपी ठेवा: तो तास दुपारच्या तासाशी बदलावा, किंवा पहिल्या तासाला दर पंधरवड्यानं विषय फिरवावेत, म्हणजे एकाच विषयाची हजेरी मार खाणार नाही. चुकलेल्या तासांबद्दल सरांकडून घरी सोडवायचं काम मागा आणि ते वहीत सही करून घ्या. प्राचार्यांसमोर ही वही उपयोगी पडते.

दुसरा अर्ज आगार व्यवस्थापकांना. ‘नवीन गाडी द्या’ असं लिहिलं की अर्ज पडून राहतो, कारण त्याला बस, चालक, वाहक सगळं नव्यानं लागतं. तुमच्या रस्त्यावर कुठल्या गावी मुक्कामी गाडी असेल, तर ती अर्धा-पाऊण तास लवकर सोडण्याची मागणी करा. त्याला फक्त वेळापत्रक बदलावं लागतं. ग्रामपंचायतीचा ठराव आणि कॉलेजचं पत्र जोडा, कोणत्या थांब्यावर किती विद्यार्थी चढतात ते लिहा. प्रत विभाग नियंत्रकांना. दरवर्षी जूनमध्येच हे केलं तर आणखी बरं.

पासाबद्दल बऱ्याच मुली विचारतात. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, विद्यार्थी पासात मात्र साधारण तिसरा हिस्साच भरावा लागतो. आगारात महिन्याच्या पासाची रक्कम विचारा आणि तिला एका दिवसाच्या जाण्या-येण्याच्या अर्ध्या तिकिटानं भागा. जो आकडा येईल त्यापेक्षा जास्त दिवस कॉलेज असेल तर पास घ्या. दिवाळीच्या सुट्टीच्या महिन्यात तिकीट स्वस्त पडू शकतं.

पेपर पंधरा दिवसांवर आले अन् घरी वेचणी चालू आहे. मजूर भेटत नाही. दिवसभर वावरात राहून रात्री पुस्तक उघडलं की डोळे मिटतात. नाही गेलो तर आई एकटीच वेचते, ते पाहवत नाही.
*– बी.एस्सी. द्वितीय वर्ष, ता. आर्वी, जि. वर्धा*

आईचं पाहवत नाही हे तू लिहिलंस, म्हणून ‘घरी स्पष्ट नाही म्हण’ असला सल्ला आम्ही देणार नाही. तुला वेळ शोधायचा आहे, आणि तो सकाळी आहे. पहाटे बोंडांवर दव असतं. ओला कापूस वेचला की तो पिवळा पडतो आणि भाव कमी मिळतो, त्यामुळे ऊन चढून दव वाळेपर्यंत वेचणीला कुणी हात लावत नाही, लावूही नये. रात्री ९ ला झोप, ४.३० ला ऊठ. ५ ते ८ हे तीन तास कुणाचं काही न बुडवता तुझे आहेत. रात्री थकल्या डोळ्यांनी वाचलेलं पान सकाळी आठवत नाही, त्यापेक्षा ती झोप घेतलेली बरी. दुपारी ४ नंतर चहा नको. त्यानं ९ ची झोप ११ वर जाते.

या तीन तासांत नुसतं वाचत बसू नको. मागच्या तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका घे आणि प्रत्येक युनिटवर कोणते प्रश्न फिरून फिरून आले ते एका पानावर उतरव. एक प्रश्न निवड, दहा मिनिटं वाच, पुस्तक बंद कर, आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिही. आकृती असेल तर तीन मिनिटांत, नावांसकट. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनानं भर. दुसऱ्या दिवशी पहिली पंधरा मिनिटं फक्त कालचं लाल. सुरुवातीला अर्धंही आठवत नाही आणि मुलं हे सोडून पुन्हा वाचायला लागतात. तिथेच चुकतं, आठवायला जो जोर लागतो, त्यानंच ते डोक्यात बसतं.

एका कागदाची चौघडी करून त्यावर सहा प्रश्न लिही आणि वावरात जाताना खिशात ठेव. वेचताना हात गुंतलेले असतात, तोंड मोकळं असतं. एका तासाला एक प्रश्न घे आणि उत्तर मोठ्यानं म्हण, आईला सांगितल्यासारखं. अडलास तिथं कागदावर खूण कर.

घरी वेळापत्रक तोंडी सांगू नको, भिंतीवर लाव. पेपरचा दिवस आणि त्याच्या आदला दिवस खडूनं गोल कर, आणि बाकीचे दिवस वेचायला येतो असं आधीच कबूल कर. गावात परीक्षा देणारी आणखी दोन-तीन पोरं असतीलच. ज्याचा पेपर नाही त्यानं त्या दिवशी दुसऱ्याच्या वावरात, अशी सावड जमवता येते. पावसाचं वातावरण असेल तर वेच थांबवून चालत नाही, तेव्हा दोन दिवस राखीव धरूनच बेत आख.

बोंडाच्या टोकांनी बोटं चिरतात, आणि तीन तास पेन धरायचं असतं. पेपरच्या आधीचे तीन-चार दिवस अंगठा आणि पहिली दोन बोटं चिकटपट्टीनं बांधून वेच. हरभऱ्याला रात्रीच्या लाइनवर पाणी द्यायची पाळी आली, तर दुसऱ्या दिवशी पहाटेचा अभ्यास सोड आणि झोप पुरी कर.

माझा रूम पार्टनर दोन विषयांत नापास झाला. घरी ‘पास झालो’ सांगितलं. आता मेसचा डबा तसाच परत जातो, फोन उचलत नाही, रात्रभर जागा असतो. परवा म्हणाला, ‘आता कायले काही करायचं.’ मले भीती वाटून राहिली.
*– बी.सी.ए. तृतीय वर्ष, ता. मेहकर, जि. बुलढाणा*

तुझी भीती खरी धर. आज संध्याकाळीच, दोघंच असताना, सरळ विचार: ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ असं विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून माणूस बोलतो. तो बोलेल तेव्हा समजावू नको, ‘आई-बापाचा विचार कर’ म्हणू नको, त्यानं अपराधीपण वाढतं. ऐकून घे.

तो ‘हो’ म्हणाला किंवा गप्प राहिला, तर त्याला एकटं सोडू नको. त्याच्यासमोरच १४४१६ लाव. ही टेलिमानस सेवा २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, मोफत, आणि मराठीतून बोलता येतं. फोन तू लावून त्याच्या हातात दिलास तरी चालतं. लगेचच काही घडेल असं वाटलं तर ११२. सकाळी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात सोबत जा. एका मोठ्या माणसाला सांग: मामा, मोठा भाऊ, जवळचे सर, ज्याच्यावर तो चिडणार नाही असा कुणीही. ‘कुणाला सांगू नको’ अशी शपथ त्यानं घातली असली, तरी ती इथं पाळायची नाही.

तो गावी जाणार असेल तर त्या माणसाला हेही सांग, की घरातली फवारणीची औषधं कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. तो वाईट क्षण पुष्कळदा थोडाच वेळ टिकतो. त्या वेळात हाताशी काही नसणं, यानं जीव वाचतो.

नापासाचं घरी सांगणं नंतरचं. सांगायच्या वेळी सोबत पुढच्या परीक्षेची तारीख आणि फॉर्मची रक्कम कागदावर असू दे, आणि त्या मोठ्या माणसाला शेजारी बसव.

पेपर चांगला गेला तरी २६ गुण. पुनर्मूल्यांकन करू का?
*– बी.एस्सी. तृतीय वर्ष, ता. मूर्तिजापूर, जि. अकोला*

आधी उत्तरपत्रिकेची झेरॉक्स माग. तीन गोष्टी पाहा: एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का, आतले गुण पहिल्या पानावर बरोबर आलेत का, बेरीज जुळते का. मग ती विषयाच्या सरांना दाखव. त्यांना गुण वाढतील असं वाटलं तरच पुढचे पैसे भर. मुदत निकालासोबतच्या सूचनेत असते आणि ती थोडी असते. पुनर्मूल्यांकनाचा निकाल उशिरा लागू शकतो, म्हणून त्या विषयाचा बॅकलॉगचा फॉर्म मुदतीत भरूनच ठेव.