वॉशिंग्टन राज्यातली प्रायमरी: लिफाफ्यावरची खूण विसरलात तर मत मोजलं जाणार नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रेडमंडला राहता, नुकतंच नागरिकत्व मिळालंय, मतदारनोंदणी झालीये. नोंदणीच्या वेळी कुणी पक्ष विचारला नाही, मग अध्यक्षीय प्रायमरीच्या (पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीच्या) लिफाफ्यावर पक्ष निवडा असं का? आणि जुनी मंडळी ज्या कॉकसबद्दल (सभेत जमून उमेदवार निवडण्याच्या पद्धतीबद्दल) बोलतात ते आता कुठे गेलं?

आधी लिफाफा, कारण मतं तिथेच वाया जातात. मतपत्रिका टपालाने घरी येते आणि भरून लिफाफ्यातून परत पाठवायची असते. त्या परतीच्या लिफाफ्यावर, सहीच्या जागेजवळ, दोन चौकटी असतात: एक डेमोक्रॅटिक, एक रिपब्लिकन. त्यातल्या एकीवरच खूण करायची. एकीवरही केली नाही आणि नंतर दुरुस्तही केली नाही, तर मत मोजत नाहीत. दोन्हींवर केली, तरी मोजत नाहीत. खूण एका पक्षाची आणि आत मत दुसऱ्या पक्षाच्या उमेदवाराला, तेही बाद. मतपत्रिकेवर दोन्ही पक्षांचे रकाने शेजारी शेजारी छापलेले असतात, म्हणून ही चूक सहज होते.

कारण असं की वॉशिंग्टनमध्ये मतदाराची पक्षनिहाय नोंदणीच नाही. पक्षांना मात्र आपला उमेदवार आपल्याच लोकांनी निवडायला हवा असतो, म्हणून ती घोषणा लिफाफ्यावर घेतात. त्याने तुम्ही पक्षाचे सदस्य होत नाही आणि नोव्हेंबरात कुणालाही मत देऊ शकता. तुम्ही कोणता पक्ष निवडला हे मात्र पक्षांना कळतं. मत कुणाला दिलं ते गुप्तच राहतं. पक्ष जाहीर करणं पटत नसेल तर ही एक प्रायमरी सोडून द्या, पण चौकट कोरी ठेवून लिफाफा पाठवण्यात अर्थ नाही. ऑगस्टमधली, इतर पदांसाठीची प्रायमरी वेगळी. तिथे पक्ष विचारत नाहीत, पहिले दोन उमेदवार पुढे जातात.

आता कॉकस. २०१६ मध्ये इथे दोन्ही झालं, आणि फरक समजायला त्याहून चांगलं उदाहरण नाही. २६ मार्चला, शनिवारी सकाळी, डेमोक्रॅट मतदार आपापल्या प्रीसिंक्टनुसार (मतदानाच्या छोट्या विभागानुसार) शाळांत आणि सभागृहांत जमले. तक्त्यावर नाव, पत्ता, पसंतीचा उमेदवार लिहायचा. पहिली मोजणी, मग दोन्ही बाजूंची छोटी भाषणं, मग मत बदलायची मुभा आणि पुन्हा मोजणी. समजा प्रीसिंक्टला ६ प्रतिनिधी (उमेदवाराच्या बाजूने पुढच्या बैठकीला जाणारी माणसं) आहेत आणि ४० माणसं आली. त्या वर्षीचे इच्छुक बर्नी सँडर्स यांच्याकडे २७, हिलरी क्लिंटन यांच्याकडे १३. २७ गुणिले ६ भागिले ४० म्हणजे ४.०५, म्हणून ४ प्रतिनिधी. उरलेले २ क्लिंटनला. हे प्रतिनिधी पुढच्या पायरीवर, तिथून आणखी पुढे, असं करत राज्य अधिवेशनापर्यंत.

सुमारे २ लाख ३० हजार लोक आले. सँडर्सना जवळपास ७३ टक्के मिळाले आणि पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनासाठीच्या राज्याच्या १०१ बांधील (निकालाप्रमाणे वाटलेल्या) प्रतिनिधींपैकी ७४. दोन महिन्यांनी, २४ मे रोजी, टपालाने प्रायमरी झाली. डेमोक्रॅटिक बाजूला ८ लाखांवर मतं पडली आणि क्लिंटन सुमारे ५२ टक्क्यांनी पुढे होत्या. पण डेमोक्रॅटिक पक्ष ती प्रायमरी धरतच नव्हता, त्यामुळे प्रतिनिधींवर तिचा काहीच परिणाम झाला नाही. रिपब्लिकनांनी मात्र त्याच प्रायमरीवर वाटप केलं.

कॉकसमध्ये शेजारी एकमेकांशी बोलतात, हे खरंच मोलाचं होतं. पण शनिवारी ज्यांची कामाची पाळी, ज्यांची मुलं लहान, ज्यांना तासन् तास बसवत नाही, ते बाहेर राहायचे. आजारपण, नोकरी, अपंगत्व अशा कारणांसाठी आधी अर्ज भरून देता यायचा, तरी तो किती जणांना माहीत असणार? माझ्या मते बदल योग्यच झाला. २०१९ मध्ये कायद्याने प्रायमरी मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी आणली आणि डेमोक्रॅटिक पक्षानेही तीच धरायचं ठरवलं. आता प्रायमरीने कोणाला किती प्रतिनिधी ते ठरतं (डेमोक्रॅटांत १५ टक्क्यांखाली काही मिळत नाही), आणि राष्ट्रीय अधिवेशनाला प्रत्यक्ष कोण जाणार ते पक्ष आपल्या बैठकांत ठरवतात. कॉकस उरलंय ते एवढ्यापुरतं.

मतपत्रिका साधारण अडीच आठवडे आधी घरी येते. लगेच भरून पाठवू नका. २०२० मध्ये मतदानाच्या आदल्या आठवड्यात वॉरन आणि ब्लूमबर्ग या डेमोक्रॅटिक इच्छुकांनी माघार घेतली, पण नावं छापलेली होती आणि अनेकांची मतं आधीच गेली होती. एकदा पाठवलेलं मत बदलता येत नाही. शेवटच्या दिवसापर्यंत थांबलात तर पोस्टात टाकू नका, त्याच तारखेचा शिक्का बसेलच असं नाही. रात्री ८ च्या आत काउंटीच्या (जिल्ह्याच्या) ड्रॉप बॉक्समध्ये, म्हणजे मतपत्रिका टाकायच्या पेटीत टाका. टपालाचं तिकीट कुठेच लागत नाही.

सही ड्रायव्हिंग परवान्यावर किंवा मतदारनोंदणीत आहे तशीच हवी. तिथे मराठीत केली असेल तर इथेही मराठीतच. जुळली नाही, किंवा पक्षाची खूण राहिली, तर काउंटीचं पत्र येतं. निकाल प्रमाणित होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत ते दुरुस्त करता येतं, म्हणून वोटडब्ल्यूए (VoteWA) या राज्याच्या मतदारांसाठीच्या संकेतस्थळावर आपल्या मतपत्रिकेची स्थिती पाहत राहा. घरात १७ वर्षांचं मूल असेल आणि ते नागरिक असून नोव्हेंबरच्या निवडणुकीपर्यंत १८ पूर्ण करणार असेल, तर या प्रायमरीत त्यालाही मत आहे.

एक गंभीर बाब राहिली. ग्रीन कार्ड किंवा एच-१बी असलेल्यांनी नोंदणीही करायची नाही, मतदानही नाही. थेट देशाबाहेर काढण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकतं. परवाना काढताना चुकून नोंदणीला ‘हो’ म्हटलं गेलं असेल, तर मतपत्रिका घरी आली तरी भरू नका. आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला आणि काउंटीकडून नाव काढून घ्या.