पोरगा लंडनला कामाला, मग घर हर्टफर्डशायरात कशाला?

प्रश्न : माझा पोरगा लंडनला आयटीत आहे, तीन वर्षं झाली. आता म्हणायलाय की लंडन सोडून हर्टफर्डशायरात सेंट ऑल्बन्सला घर घेतो, सूनबाईलाही पटलंय. आमचे हे म्हणतात, एवढं शिकून शेवटी खेड्यातच राहायचं होतं तर आपलं जिंतूर काय वाईट होतं? तिथं असं आहे तरी काय?
– एक वाचक, परभणी

उत्तर : काकू, काकांचा टोमणा वाचून हसूच आलं, पण ते खेडं नाहीये हो. हर्टफर्डशायर म्हणजे लंडनला वरच्या अंगानं चिकटलेला जिल्हा समजा, आणि सेंट ऑल्बन्स त्यातलं रोमन काळापासूनचं शहर, जुनं कॅथेड्रल आहे, आठवडी बाजार भरतो. परभणीहून पूर्णा जेवढं, जवळपास तेवढंच ते लंडनहून, अन् फास्ट ट्रेन वीसेक मिनिटांत लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनला सोडते. लंडनातल्या लंडनात ऑफिस गाठायला कित्येकांना पाऊण तास लागतो, मग लांब कोण राहिलं सांगा.

मी स्वतः शेजारच्या वॉटफर्डला दीड वर्ष काढलंय. तिथली खरी गंमत मोकळ्या रानाची. लंडन पसरत पसरत सगळं गिळून टाकेल म्हणून भोवती ग्रीन बेल्ट राखलाय, तिथं बांधकामाला सहजी परवानगी मिळत नाही, त्यामुळं गाव संपलं की गव्हाची शेतं सुरू, आपल्यासारखे एनए प्लॉटच्या बोर्डांचे मैलच्या मैल नाहीत. झाडं, बागा अन् कामधंदा एकाच गावात ही गार्डन सिटीची कल्पना मांडली एबेनेझर हॉवर्ड यांनी, तीही याच जिल्ह्यात उभी राहिली, 1903 ला लेचवर्थ अन् 1920 ला वेलविन.

काकांना एक नक्की सांगा, कृषी विद्यापीठाच्या गावचे आहेत म्हणून. सेंट ऑल्बन्सच्या बाजूलाच हार्पेंडेनला रॉथॅमस्टेड संशोधन केंद्र आहे, तिथं एका रानात 1843 पासून गव्हाचा प्रयोग चालूच आहे, मधी खंड नाही! आणि पाऊस? वर्षाला साधारण 700 मिलिमीटर, म्हणजे परभणीपेक्षा कमीच, फक्त तो बारा महिने थोडा थोडा पडतो, आपल्यासारखा चार दिवसांत धिंगाणा घालून पळून जात नाही.

देवधर्माची काळजी असेल तर वॉटफर्डजवळ भक्तिवेदांत मॅनर आहे, बीटल्स या गाजलेल्या बँडमधल्या जॉर्ज हॅरिसननं 1973 ला हा वाडा इस्कॉनला दिला. जन्माष्टमीला मरणाची गर्दी असते, मी दोनदा रांगेत उभा राहिलोय.

आता खिशाचं. ग्रीन बेल्टमुळं घरं कमी म्हणून भाव चढे, त्यात चांगल्या सरकारी शाळा बऱ्याचदा घराच्या अंतरावर प्रवेश देतात, म्हणून शाळेजवळचं घर अजून महाग. रेल्वेचा पास तर आपल्याला ऐकूनच घाम फुटेल असा. डिसेंबरात चारच्या आतच सूर्य बुडतो, सूनबाई दिवसभर घरी असणार असतील तर ते लई जड जातं, मी बघितलंय. त्यामुळं पोराला म्हणा लगेच कर्ज काढू नको, आधी एक हिवाळा तिथंच भाड्यानं राहून बघ. आणि घर बघायला गेला की स्टेशनपासून घरापर्यंत पायी किती मिनिटं लागतात ते स्वतः चालून मोज, तेही पावसात.